चार वाजताची सावली

कुमुदिनी गेली हे गुरुनाथला हॉलंडमधल्या स्लोटरडाइकच्या ऑफिसात कळलं. मीटिंग चालू होती. फोन भार्गवीचा होता, त्यांच्या मुलीचा. एरवी घरात डच नाहीतर इंग्रजी बोलणारी पोरगी त्या दिवशी मराठीत बोलली, आणि "बाबा, आई" एवढ्यावरच त्याला काय ते समजलं. झूटरमेरच्या घरामागे फरश्या उचलताना कुमुदिनी जरा टेकली, ती उठलीच नाही. त्या फरश्या काढून तिथे झाडं लावायची असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. कोपऱ्यातल्या चार उचलून झाल्या होत्या.

पुढे महिन्याभराने कुमुदिनीच्या मैत्रिणीचा, मंजूषाचा फोन आला. मंजूषा आणि तिचा नवरा पूर्वी आइंडहोवनला होते. आता स्पेनमध्ये, समुद्रापासून थोडं आत, एका गावात त्यांनी घर घेतलं होतं. कुमुदिनी लोकांना बागा आखून द्यायची. मंजूषाच्या अंगणाचं काम तिने घेतलं होतं. मापं येऊन पडली होती, आराखडा काही झाला नव्हता.

"भावोजी, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," मंजूषा म्हणाली. "पण सोमवारी गवंडी येतोय. त्याला काही दाखवलं नाही तर तो सगळीकडे काँक्रीट ओतून मोकळा होईल. मग पोरं आणि सासूबाई उन्हाळाभर परत एसीत कोंडलेल्या."

"अगं, मी कॉम्प्युटरवाला माणूस."

"मग नाही म्हणा."

नाही म्हणायलाच त्याने तोंड उघडलं होतं. "रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल कर," तो म्हणाला.

कुमुदिनीची एक पद्धत होती. ती आधी कागदाला हात लावायची नाही. घरामागच्या पार्कात गवतावर दोरीने अंगण खऱ्या मापाचं आखायची, खुंट्या ठोकून भिंतींच्या जागी जुन्या साड्या बांधायची आणि त्यात चालून बघायची. गिऱ्हाइकालाही चालायला लावायची. गुरुनाथचं काम दोरीचं दुसरं टोक धरायचं.

रविवारी त्याने मातीचे डाग पडलेल्या त्याच साड्या काढल्या. भार्गवी लायडनहून आली होती. पहिली खुंटी वाकडी गेली, पण तिसऱ्या-चौथ्या खुंटीपर्यंत त्याला भलतीच हुशारी चढली. इथे हिरवळ, इथे फुलं, आणि पूर्वेच्या भिंतीला टेकून पश्चिमेकडे तोंड करून बाक. खुर्ची ठेवून तो बसला. छान ऊन अंगावर आलं.

"लेकर," भार्गवी डचमध्ये म्हणाली. म्हणजे झकास.

"संध्याकाळी सातपर्यंत ऊन मिळेल इथे," गुरुनाथ खूश होऊन म्हणाला.

चार वाजता फोन वाजला. मंजूषा आपल्या अंगणात उभी होती, मागे तिच्या सासूबाई सरलाताई खुर्ची धरून. गुरुनाथने जागा सांगितली. सरलाताईंनी पूर्वेच्या भिंतीशी खुर्ची ठेवली, बसल्या, आणि लगेच उठल्या.

"इथे पापड वाळवायचेत की मला बसवायचंय?" त्यांनी विचारलं.

मंजूषाला हसू आवरेना. "भावोजी, तुम्ही सोलापूरचे ना हो?"

गुरुनाथ पोट धरून हसायला लागला. भार्गवी बघतच राहिली. महिन्याभरात तो हसला नव्हता. इतकी वर्षं हॉलंडात उन्हाच्या तिरिपीमागे खुर्ची सरकवण्यात गेली, आणि सोलापुरात सावलीमागे खाट ओढणारा आपल्यातला मुलगा तो पार विसरून गेला होता.

"सरलाताई, आत्ता सावली कुठे आहे?"

"तिकडे, पलीकडच्या भिंतीखाली."

म्हणजे पश्चिमेच्या. गुरुनाथने खुर्ची उचलली आणि धावतच पलीकडे नेली. "भार्गवी, ती निळी साडी वर बांध. छत म्हणून."

"बट व्हाय?"

"मांडव गं. त्यावर द्राक्षाचा वेल. उन्हाळ्यात दाट सावली, थंडीत पानं गळून ऊन आत."

"दॅट्स स्मार्ट, बाबा."

"माझं नाही, सोलापूरच्या आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणातलं आहे." आता त्याला दम धरवेना. हिरवळ रद्द केली, तिला पाणी कुठून आणणार. तिथे बारीक खडी, आणि मधे डाळिंब. हात-पाय धुवायचं पाणी उताराने सरळ डाळिंबाच्या आळ्यात जाईल. आळ्याभोवती रुंद कट्टा, म्हणजे पोरांना खेळायला आणि सरलाताईंना भाजी निवडायला एकच जागा. तो बोलत होता, भार्गवी खुंट्या हलवत होती, आणि स्पेनमध्ये मंजूषा चपला घालून, खडूने त्याच रेषा ओढत, त्यांवर चालत होती.

"पाण्याच्या नळाकडे जाताना मांडवाचा खांब आडवा येतोय," ती ओरडली.

"हात-दीड हात डावीकडे घेऊ. आता?"

"आता जाता येतं."

"सरलाताई कुठायत?"

मंजूषाने फोन वळवला. सरलाताई पश्चिमेच्या भिंतीखाली सावलीत बसल्या होत्या. पाय खुर्चीवर घेऊन.

"चहा इथेच आण गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मी काही उठत नाही."

गुरुनाथने तिथेच गवतावर बसून आराखडा काढला. भार्गवीने आकडे वाचून दाखवले, एक-दोन चक्क मराठीत. खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याने कुमुदिनीचं लिहिलं. भार्गवीने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी त्याचंही लिहिलं. फोटो काढून पाठवला. मंजूषाचं तासाभरात उत्तर आलं की तिने तो गवंड्याला पुढे पाठवला आणि त्याने सोमवारची काँक्रीटची गाडी रद्द केली.

साड्यांच्या घड्या घालून दोघं घरी परतली. मागच्या दारातून आत शिरताना गुरुनाथ जरा थांबला. त्या चार सोडून बाकीच्या सगळ्या फरश्या अजून उचलायच्या होत्या.