मनोऱ्यात बोलायचं नसतं

थॉर्नवेलमध्ये बुधवारी बाजार भरतो आणि उरलेले दिवस काहीच घडत नाही. इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांना तिथली भाषेची शाळा पहिल्याच दिवशी सांगते, नुसतं वर्गात बसून भाषा येत नसते, गावात फिरा, लोकांत मिसळा. सांगणाऱ्याचं काय जातं? बाजारात चीजवाला "हेच ना?" म्हणतो आणि आपण मान हलवली की पुडकं हातात ठेवतो. कालव्याकाठी कुत्री फिरवणारे "आज हवा बरी आहे" म्हणून पुढे सटकतात. वाचनालयातला गप्पांचा तास माणसं येईनात म्हणून बंद पडला.

डेस्मंड हकल आपल्या घरातली मागची खोली अशा विद्यार्थ्यांना द्यायचा आणि आलेल्या प्रत्येकाला मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात घेऊन जायचा. तिथे सहा घंटा होत्या. दर घंटेला एक दोरी, दर दोरीला एक माणूस, आणि डेस्मंड त्या मंडळींचा म्होरक्या. त्याची बायको ईनिड गेल्यापासून तिची दोरी खुंटीला गुंडाळून पडली होती. गावातलं नवं कुणी येत नव्हतं. विद्यार्थी यायचे, तळहाताला फोड आले की पुन्हा फिरकायचे नाहीत.

रुम्याना मात्र दुसऱ्या मंगळवारीही आली. ती बल्गेरियातली चाळिशीची नर्स. इंग्रजीची परीक्षा पास झाली की जिल्ह्याच्या इस्पितळात तिची नोकरी ठरलेली होती. पण बोलण्याच्या भागात ती दोनदा आपटली होती. आणखी एकदा आपटलीस तर जागा दुसरीला देऊ, असं इस्पितळाने स्वच्छ सांगितलं होतं, आणि मग तिला सामान बांधून परत जावं लागणार होतं.

घंटा वाजताना मनोऱ्यात कुणी बोलत नाही. दुसऱ्यांच्या दोऱ्यांवर नजर ठेवायची आणि आपली पाळी आली की खेचायचं, एक खालची खेच छातीपासून, एक वरची हात डोक्यावर ताणून. म्होरक्या मधूनमधून घंटांचे आकडे पुकारतो, शेवटी "थांबा" म्हणतो. एवढीच तिथली भाषा, आणि ती रुम्यानाला झटकन आली. वर्गात दिवसभर जिची जीभ टाळूला चिकटलेली, ती दोरी हातात आली की मोकळी व्हायची. नाताळच्या सकाळी थॉर्नवेलमध्ये ईनिडनंतर पहिल्यांदाच सहाही घंटा वाजल्या, तेव्हा डेस्मंडला रडू आलं. हात दोरीत गुंतले होते म्हणून डोळे पुसायचे तसेच राहिले.

मग काय, मंगळवारला शुक्रवार जोडला गेला आणि शनिवारी आसपासच्या गावांतले मनोरे. घरी आल्यावर दोघं स्वयंपाकघरात टोस्टवर बीन्स घेऊन समोरासमोर बसायची आणि मुकाट्याने खायची. डेस्मंडला ती शांतता फार आवडायची.

पाचवी घंटा वाजवणाऱ्या ग्वेंडाचं बाजारपेठेत मटणाचं दुकान होतं आणि तोंड दिवसभर चालू असायचं. तिने एकदा त्याला मनोऱ्याच्या जिन्यात गाठलं.

"काय रे, त्या बाईशी बोलतोस का कधी?"

"बोलतो की."

"काय बोललास काल?"

"म्हटलं, वरची खेच जरा उशिरा येते तुझी."

"धन्य आहेस बाबा. तिची परीक्षा तोंडाची आहे, दोरीची नाही."

"मनोऱ्यात बोलायचं नसतं, ग्वेंडा."

"मग घरी बोल. घरी कसला मनोरा आलाय? नाहीतर शनिवारी माझ्या दुकानात पाठव. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून घालून तोंड सुटेल तिचं."

"शनिवारी आम्हाला बाहेरगावी वाजवायचंय," डेस्मंड म्हणाला आणि भराभर जिना उतरला. ग्वेंडाचं बरोबर आहे हे त्याला कळत होतं. कळूनही त्याने काही केलं नाही. परीक्षेनंतर बघू, असं तो स्वतःला सांगत राहिला.

निकाल मार्चमध्ये आला. रुम्याना शाळेतून आली, कोट न काढताच टेबलापाशी बसली.

"नाही झाले," ती म्हणाली.

"बोलण्यात?"

"बोलण्यात."

"काय विचारलं होतं?"

"बाई विचारते, या गावात मोकळा वेळ काय करते. मला आनंद. हे तर मला येते. मी सांगते, घंटा वाजवते. बाई म्हणते, वा, कसे ते सांगा. दोन मिनिट सांगा."

"मग?"

"मग शब्द नाही. मी दाखवले."

ती उठली. खुर्ची मागे सारून तिने दोन्ही हात डोक्यावर नेले, क्षणभर तिथेच धरले आणि कमरेपर्यंत सरळ खाली आणले. पुन्हा वर, पुन्हा खाली. हातात दोरी नव्हती, पण डेस्मंडला घंटा वर कुठवर झुलली असेल ते कळत होतं. वरची खेच आता उशिरा येत नव्हती. त्या हातांत सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. परीक्षेत आवाज तेवढा नोंदून घेतात, आणि त्या दोन मिनिटांत तिचा आवाज नव्हता.

"छान करतेस," तो म्हणाला. आपण किती मूर्खासारखं बोललो ते त्याला लगेच कळलं.

रुम्यानाने हात खाली घेतले. त्याच्याकडे बघून ती सावकाश म्हणाली, "डेस्मंड, आपण इतके महिने या एका टेबलावर जेवलो, मग तुम्ही माझ्याशी कधीच का बोलला नाहीत?"

ती या घरात आल्यापासून एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, आणि ती कुठेही अडखळली नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

उत्तर त्याला ठाऊक होतं. तू समोर गप्प बसून जेवतेस तेव्हा ईनिड बसल्यासारखी वाटते. तू बोललीस की ती निघून जाईल अशी भीती वाटायची. हे सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. त्याची तर ती मायबोली होती.

"चहा टाकू?" डेस्मंड म्हणाला.

"टाका," ती म्हणाली आणि सामान भरायला मागच्या खोलीत गेली.