डोळे मिटून बघणारे बाबा

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओसमोर सकाळपासून रांग लागायची, आणि रांगेचं शेपूट रस्ता ओलांडून थेट नगरपालिकेच्या फाटकाला टेकायचं. ज्या इमारतीत पाणी कधी सोडायचं, वीज कधी तोडायची आणि कुठला रस्ता खणायचा हे ठरतं, त्या इमारतीकडे पाठ करून लोक उभे राहायचे. आणि हेच सगळं विचारायचं कुणाला, तर समोर डोळे मिटून बसलेल्या बाबांना.

बाबा फोटोग्राफरच्या जुन्या फिरत्या स्टुलावर बसत. पुढ्यात पाण्याचा पेला, त्यावर निळा रुमाल. रुमालावर दोन बोटं ठेवली की त्यांची मान हलायला लागे.

"अंधार... अंधार दिसतोय मला," बाबा घशातून बोलत. "बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. मंगळवारी. सूर्य डोक्यावर यायच्या आत दिवे डोळे मिटतील."

"अगंबाई!" रांग एका सुरात म्हणे.

आणि मंगळवारी खरोखरच बाजारपेठेमागची वीज गेली. आइस्क्रीमवाल्याने सोमवारीच सगळा माल मेहुण्याच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला होता, त्यामुळे तो बचावला. त्या दिवसापासून तो बाबांच्या दारात स्वयंसेवक झाला. रांग सरळ करायची आणि शंका काढणाऱ्याला वाकडं बघायचं, एवढंच त्याचं काम. आइस्क्रीम विकताना तो कधी इतका तापलेला दिसला नव्हता.

बाबांना पाणी दिसे, वीज दिसे, खणलेले रस्ते दिसत. हरवलेल्या छत्र्या आणि सुटलेली कुत्री दिसत. पूर्वीच्या काळी अशा सत्पुरुषांना म्हणे जन्ममरणाचा फेरा दिसायचा. याच बाबांना ड्रेनेजची लाइन तेवढी का दिसते, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका बाईच्या मात्र आलं होतं. ती नगरपालिकेत सूचना लिहायची, म्हणून सगळं शहर तिला सूचनाबाईच म्हणे. शहरात जे काही बंद पडणार, सुरू होणार किंवा सापडलेलं असणार, ते आधी तिच्या टेबलावर येई. ती ते टाइप करी, साहेबांची सही घेई आणि खालच्या बोळातल्या फलकावर लावी. फलक होता पिण्याच्या पाण्याच्या कूलरच्या वर, स्वच्छतागृहाच्या अलीकडे. पूर्वी सूचना सांगत फिरणारी एक गाडी होती. तिचा भोंगा बिघडला आणि दुरुस्तीची फाइल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. गाडी फिरत नव्हती एवढंच.

सूचनाबाईला बाबांचा राग येण्याचं कारण मात्र नगरपालिकेतलं नव्हतं, घरातलं होतं. तिच्या वहिनीच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, गाठ वाईट आहे, काढायलाच हवी, उशीर नको. तारीखही दिली होती. ती तारीख वहिनीने चुकवली, कारण बाबा रुमालावर बोटं ठेवून म्हणाले होते, "सुरी लावू नकोस. गाठ बर्फासारखी विरघळताना दिसतेय मला." आता दुसरी तारीख शनिवारची होती. दादा बायकोपुढे हात टेकून बसला होता.

"वन्सं, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली. "त्यांचा एक तरी शब्द खोटा पडलाय का? माझी पर्स हरवली, त्यांनी सांगितलं सरकारी कपाटात आहे, हिरवा रंग दिसतोय. निघाली की नाही? पाणी जाणार म्हणाले, गेलं. मग गाठीचंच तेवढं खोटं कसं असेल?"

"अगं, पाणी जाणार हे मीच लिहून लावलं होतं! आठवडाभर आधी!"

"तुम्ही लिहिता ते कुणाला कळतं का पण?" वहिनी भाबडेपणाने म्हणाली. "एकदा वाचायला घेतलं मी. 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की.' तेवढ्यातच डोळा लागला. बाबा निदान माणसासारखं बोलतात."

हे सूचनाबाईला झोंबलं, कारण ते खरं होतं. पण त्याहून जास्त तिला भीती वाटत होती. वहिनी हट्टी होती, आणि आता त्या हट्टाच्या पाठीशी अख्खं शहर उभं होतं.

धागा हाती लागला तो सूचनाबाईच्याच चुकीमुळे. सार्वजनिक वाचनालय गुरुवारी बंद राहणार होतं, तिने टाइप करताना बुधवार केला. दुसऱ्याच दिवशी बाबांना बुधवारी वाचनालयाचं दार बंद दिसलं. बुधवारी वाचनालय सताड उघडं होतं. आइस्क्रीमवाला म्हणाला, "बाबांनी मध्ये पडून उघडायला लावलं!" लोकांनी माना डोलावल्या. गुरुवारी ते बंद राहिलं तेव्हा तो म्हणाला, "बघा, संकट एक दिवस पुढे ढकललं!"

सूचनाबाई मात्र जागच्या जागी थबकली. ही चूक जगात फक्त तिच्या बोटांनी केली होती. ती आकाशात लिहिलेली असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळी ती खालच्या बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. बाबा रोज सकाळी ध्यानाला जातात असं भक्त सांगत. बाबा आले, कूलरखाली बाटली लावली, आणि ती भरेपर्यंत झब्ब्याच्या खिशातून जाड काचांचा चष्मा काढून नाकावर चढवला. मग फलकासमोर उभे राहून ते ओठ हलवत वाचू लागले. कठीण शब्द आला की कपाळाला आठी घालून पुन्हा पहिल्यापासून. शाळा सुटल्यानंतर इतकं मन लावून कुणी सूचनाबाईची मराठी वाचली नसेल. बाटली भरून वाहायला लागली तेव्हा कुठे त्यांची समाधी मोडली.

एवढंच होतं ते. बाबांचा कुणी हेर नव्हता, कचेरीत कुणाशी संगनमत नव्हतं. अख्ख्या शहरात नगरपालिकेचा फलक वाचणारा हा एकमेव माणूस होता, आणि तेवढ्या भांडवलावर तो अंतर्ज्ञानी झाला होता.

तिने घरी येऊन सांगितलं, तर वहिनी म्हणाली, "पाणी भरायला जात असतील. माणसाला तहान लागत नाही का?"

मग सूचनाबाईने कंबर कसली. तिने एक नवी सूचना टाइप केली. 'लोहार उतार येथील पायथ्यालगतची जीर्ण भिंत येत्या गुरुवारी पाडण्यात येणार असून संबंधितांनी सुरक्षित अंतर राखावे.' हे शहर ताटासारखं सपाट. त्यात उतार नावाची चीज नव्हती, आणि लोहार नावाने ओळखला जाणारा रस्ताही नव्हता. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. बाबा बाहेरून आलेले, त्यांना कुठून ठाऊक असणार? ज्या भिंतीला विटाच नाहीत, ती पाडल्याने कुणाचं डोकं फुटणार नव्हतं.

सहीसाठी ती साहेबांकडे गेली. साहेब स्वतः बाबांचे भक्त. त्यांच्या दालनाचं दार बदललं जाणार हे बाबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि साहेब थक्क झाले होते. दार बदलण्याच्या आदेशावर सही त्यांचीच होती. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली आणि विचारलं, "बाबांकडे आज गर्दी फार आहे का हो?"

सूचना फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाबाई वहिनीला घेऊन रांगेत उभी राहिली.

"वहिनी, बाबांनी तोंड उघडायच्या आधी मी सांगते. त्यांना उतार दिसेल, लोहार उतार. भिंत पडताना दिसेल, आणि गुरुवार म्हणतील."

"चेष्टा करू नका, वन्सं. लोहार उतार कुठे आलाय आपल्याकडे?"

"तेच तर. नीट ऐक."

बाबांनी रुमालावर बोटं ठेवली. मान हलली. "दगड... दगड निखळताहेत. उतार आहे मोठा. लोहारांची वस्ती... लोहार उतार! गुरुवारी भिंत कोसळणार. पायथ्याला कुणी थांबू नका रे, थांबू नका!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. आपल्या गावाचा उतार आपल्यालाच कसा ठाऊक नाही, या विचाराने काहीजण ओशाळलेसुद्धा.

"लोहार उतार म्हणजे कुठं हो, बाबा?" एका आजोबांनी विचारलं.

"पापी डोळ्यांना तो दिसत नाही," बाबा म्हणाले.

"परलोकातला असेल," आइस्क्रीमवाल्याने खुलासा केला. "तिकडे उतार असतात."

वहिनी मात्र पांढरीफटक पडली होती. "वन्सं! तुम्ही हे मघाशीच बोललात! तस्संच्या तस्सं!"

ती जरा मोठ्यानेच बोलली, आणि घोटाळा झाला. रांग बाबांकडून वळून सूचनाबाईकडे आली. "तुम्हालाही दिसतं?" "ताई, माझ्या मुलीचं जमेल का हो?" "ताई, आमचा भाडेकरू कधी जाईल?" एका बाईने तर वाकून तिचे पाय धरले. आइस्क्रीमवाल्याने धावत जाऊन दुसरं स्टूल आणलं.

सूचनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाय सोडा माझे! मला काही दिसत नाही. काल मीच ते टाइप केलं! चला माझ्याबरोबर, सगळे चला."

रस्ता ओलांडून, फाटकातून, कूलरपाशी सगळं लटांबर बोळात शिरलं. कित्येकजण जन्मात पहिल्यांदा तिथे आले होते. सूचनाबाईने लोहार उताराच्या सूचनेवर बोट ठेवलं. तिच्याखाली वाचनालयाची सूचना होती, बुधवारची चूक आणि सगळं तसंच. त्याखाली बाजारपेठेमागची वीज. जुन्या सूचना काढायची तिथे पद्धत नव्हती, एकावर एक चिकटत जायच्या.

"रोज सकाळी बाबा इथे बाटली भरतात आणि चष्मा लावून हे वाचतात. मग तिकडे जाऊन डोळे मिटतात. बोळात वाचायचं आणि रस्त्यापलीकडे सांगायचं, यापलीकडे त्यात काही नाही. तो उतार मी मनाने बनवला, म्हणून तो त्यांनाच दिसला आणि तुम्हाला नाही."

मागून बाबा आले होते. खिशातून चष्म्याची दांडी डोकावत होती. "मी वाचत नाही असं कधी म्हणालो?" ते शांतपणे म्हणाले. "मला दिसतं ते मी सांगतो."

"दिसणारच! भिंतीवर टांगलंय!" कुणीतरी ओरडलं, आणि बोळात हशा पिकला.

"पण इतक्या लोकांतून वाचायची बुद्धी त्यांनाच झाली ना?" आइस्क्रीमवाला हट्टाने म्हणाला. "हाच तर चमत्कार!"

साहेब जिन्यावरून ही गर्दी बघत होते. सूचनेखाली स्वतःची सही दिसल्यावर ते घाईघाईने नव्या दाराआड गेले.

वहिनी हसत नव्हती. ती फलकाजवळ जाऊन एकेक कागद उचलून खालचा वाचत होती, अवघड शब्द ओलांडत, बोट ठेवून. हिरवी पर्स सापडली, ओळख पटवून न्यावी. ते तिला मिळालं. तिच्या गल्लीचं पाणी, तेही मिळालं. मग ती पुन्हा वरपासून खालपर्यंत शोधायला लागली. शेवटचा कागद संपला, मागची लाकडी फळी लागली.

"वन्सं, माझ्या गाठीचं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, वहिनी. बाकी सगळं त्यांनी वाचून सांगितलं. गाठीचं तेवढं मनाने सांगितलं."

वहिनी वळून बाबांकडे गेली. "तुम्हाला कसं कळलं विरघळेल म्हणून? सांगा ना. कुठे वाचलंत?"

बाबांनी डोळे मिटले. सवयच ती. पण पुढ्यात पेला नव्हता, रुमाल नव्हता, आणि समोर एक घाबरलेली बाई उत्तराची वाट बघत उभी होती. ते गर्दीतून वाट काढत निघून गेले, आणि या वेळी आइस्क्रीमवाल्यानेही रांग सरळ केली नाही.

"अहो, इतकंच विचारायचं असतं," सूचनाबाई लोकांना म्हणाली. "बाबा असोत, साहेब असोत, डॉक्टर असोत नाहीतर मी असो. तुम्हाला कसं कळलं, ते आम्हाला दाखवा. जो दाखवेल त्याचं ऐका, आणि जो डोळे मिटून घेईल त्याला नमस्कार करून घरी जा. दहा गोष्टी खऱ्या सांगितल्या म्हणून अकरावी आपोआप खरी होत नाही. अकराव्या गोष्टीवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो."

त्या दिवसापासून ती सूचना साध्या मराठीत लिहायला लागली. 'मंगळवारी पाणी येणार नाही. सोमवारी भरून ठेवा.' साहेबांना ते भारदस्त वाटलं नाही, पण सही करण्यापूर्वी ते आता वाचत, म्हणून त्यांना कळलं तरी.

शनिवारी वहिनी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासणीची फिल्म उजेडावर धरून दाखवली. गाठ कुठे आहे, पहिल्या वेळेपेक्षा किती वाढली, काढताना काय काय करणार. तो उशीर फिल्ममध्ये स्पष्ट दिसत होता. दादाने मान फिरवली. वहिनीने फिरवली नाही.

"मी बरी होईन ना?" तिने विचारलं.

"ते मला आज नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ काढू, तपासायला पाठवू, मग जे निघेल ते तुम्हाला दाखवेन. वेळेवर आला असतात तर जास्त खात्रीने बोलले असते. आता आलात, तर आता जे करता येईल ते सगळं करू."

सूचनाबाईला वाटलं, झालं, आता ही उठून घरी जाणार. बाबा एका दमात 'विरघळेल' म्हणाले होते, आणि इकडे एवढं शिकलेली बाई 'सांगता येत नाही' म्हणतेय. तिने वहिनीचा हात धरून ठेवला.

वहिनीने त्या फिल्मकडे पुन्हा एकदा बघितलं. मग तिने हातातल्या बांगड्या काढून नणंदेकडे दिल्या.

"चला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "माहीत नाही असं तोंडावर सांगणारं पहिलंच माणूस भेटलं मला."