मोसंबीचं सालटं

मोसंबीच्या कलमाची साल सोललेली होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर आतलं पिवळट, ओलसर लाकूड उघडं पडलं होतं. मंगलानं त्यावर बोट टेकवलं, आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. बकरी! दुसरं कोण? कळसाडीच्या शिवारात बकऱ्या पुष्कळ होत्या, पण बांधापलीकडे चरणारी एकच, ती मोठ्या जावेची, सिंधुबाईची. प्रश्नच मिटला. मिटला म्हणून तिला जरा बरंच वाटलं...

वाटणीत पाटा इकडे आला आणि वरवंटा तिकडे गेला, तेव्हापासून दोघी जावा बोलत नव्हत्या. भाऊ-भाऊ मात्र एकाच चिलमीतून ओढत. आणि आता ही चार कलमं — नवऱ्यानं धुळ्याहून बैलगाडीतून आणली, तेव्हा वाटभर एक तिच्या मांडीवर होतं. साल सगळीकडून गेली की झाड संपलं, असं त्यानं तेव्हाच बजावलं होतं. इथं तर बोटभरच उरली होती.

भाकरी थापता थापता ती वाक्य जुळवू लागली. 'तुम्हनी बकरीले दावं नही का?' — फारच मवाळ. 'तुमले नही, तं तुम्हनी बकरीले तरी लाज शे का?' — हे चांगलं होतं. पण मोठ्या जावेला 'तू' म्हणता येत नाही, आणि 'तुम्ही' म्हटलं की भांडणातला अर्धा दम जातो... भाकरी करपली. तीही बकरीच्या खात्यावर गेली.

दुपारी बांधावर सिंधुबाई दिसली. मंगला तरातरा गेली, श्वास घेतला, आणि तोंडातून निघालं, "जिजी, जरा देखा ना इकडे."

हे काय बोलले मी?

सिंधुबाई बकरीसकट आली. उकिडवी बसून तिनं बुंधा निरखला, मग मान वर करून फांद्या. "मन्ही बकरी काय येडी शे? कवळी पानं सोडीसन सालडं खाई?"

पानं खरंच जशीच्या तशी होती. बकरीनं साल ओरबाडली असती, लोंबत ठेवली असती; इथं मात्र पटाशीनं तासल्यासारखे बारीक, जोडीजोडीचे दात उमटले होते. बुडाशी गोल, वाळक्या लेंड्या.

"ससानं काम शे हाई."

ससा! म्हणजे सकाळपासून मी एका सशासाठी... सशाला लाज आहे का, असं कुणाला विचारायचं? तीन झाडांवर तेच दात. चौथ्याकडे सिंधुबाई वळली, तशी मंगला पुढे झाली आणि पदर सावरत बुंध्याच्या आड उभी राहिली. तिला दिसलं होतं. तिथं दात नव्हते. पावसाआधी तिनंच झाड खुंटाला सुंभानं करकचून बांधलं होतं. बुंधा जाड झाला, आणि सुंभ सालीत रुतून बसलं होतं.

"सरक."

ती सरकली. सिंधुबाईनं विळ्यानं गाठ कापली, रुतलेला धागा हलक्या हातानं सोडवला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं... मग तिनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, आणि खुंट आणि झाड यांच्यामध्ये पीळ देऊन सैल बांधली. दोघींनी जखमांवर शेणमाती लिंपली, बुंध्यांना गोणपाट गुंडाळलं, भोवती बोरीचे काटे रोवले. काटा रुतला की दोघी आळीपाळीनं सशाला शिव्या देत होत्या. त्याला 'तू' म्हणता येत होतं.

ऊन कलल्यावर सिंधुबाई बकरीला ओढत बांध उतरून गेली.

मंगला मातीच्या हातांनी उभी राहिली. आता आपण बोलतो, की बोलत नाही? बोलत नसू, तर आत्ता चाललं होतं ते काय? बोलत असू, तर उद्या विहिरीवर आधी तोंड कुणी उघडायचं?... आणि आजची सुरुवात तर आपण केली, म्हणजे हार आपलीच. या हारीचा राग यायला हवा होता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. तो येईना, आणि त्याच्या जागी जे काय येत होतं, त्याला काय म्हणावं, हे तिला ठरवता येईना.