तिसऱ्या बाकावरचा आवाज

प्रदर्शन शुक्रवारी उघडायचं होतं आणि बुधवारच्या दुपारपर्यंत बाकांना वीज पोचली नव्हती. वायरमन सकाळपासून पोटावर झोपून वायरी ओढत होता. बागेतून उचलून आणलेले चार बाक, लोखंडी पायांचे, हिरवा रंग उडालेले. प्रत्येकाच्या पाठीत एक छोटा स्पीकर. माणूस बसला की आवाज सुरू व्हायचा, उठला की बंद.

प्रदर्शन भरवणारी बाई चाळिशीची, हळू आवाजात बोलणारी. तिनं वायरमनला आणि सुताराला पहिल्याच दिवशी सगळं समजावून दिलं होतं. लोकांना घरात मन मोकळं करायला जागा नसते, म्हणून ते बाहेर येऊन बोलतात. तीन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तिनं या बाकांखाली रेकॉर्डर चिकटवून ठेवले होते. नंतर त्या बोलण्यातली सगळ्यांची नावं कापून टाकली.

"म्हणजे चोरून ऐकलंत," सुतार म्हणाला होता.

"ऐकलं," बाई हसून म्हणाली होती.

वायरमनला त्यात काडीचा रस नव्हता. काम होतं, ते करून घरी जायचं. घर म्हणजे दीड खोली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे तो, पलीकडे लेक. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. बायको जाऊन तीन वर्षं होत आली होती.

जोडणी झाली तशी सुतार एकेका बाकावर बसून बघू लागला. पहिल्यावर दोन म्हातारे नव्या कवळीवरून वाद घालत होते. दुसऱ्यावर एक मुलगी नुसती रडत होती. तिसऱ्यावर सुतार टेकला आणि एक माणूस गरजला, "तासभर झाला! घरात माणसं उपाशी आणि तू इथे हवा खात बसलीस?"

सुतार पोट धरून हसला. "घ्या! घरोघरी असतो असा एक."

"गाढव आहे," वायरमनही हसत म्हणाला. "चारचौघांत बायकोवर ओरडतोय."

मग बाकातून बाईमाणसाचा आवाज आला. "आले, आले. पाय भरून आले होते, म्हणून बसले जरा."

वायरमनचं हसू जागच्या जागी थिजलं. तो आवाज त्यानं सव्वीस वर्षं ऐकला होता. आणि मग, थोडं उशिरा, त्याला तो गाढवही कोण ते कळलं. आपलाच आवाज बाहेरून कसा येतो, ते त्याला कधी माहीतच नव्हतं.

"उठू नको," तो सुताराला म्हणाला.

एक खरखर झाली. पुढचं बोलणं दुसऱ्या कुठल्या दिवसाचं होतं. बायको फोनवर होती.

"ऐकतेस ना गं? दुकानात गर्दी नाही ना? रिपोर्ट आले. यकृतापर्यंत गेलंय म्हणे… नाही. बाबांना सांगायचं नाही, तुला माझी शपथ आहे. त्यांना कळलं की आधी ओरडतील, मग गप्प होतील. त्यांच्या त्या गप्प बसण्यात मला राहिलेले दिवस काढायचे नाहीत. त्यापेक्षा रोजची कटकट बरी… रडू नकोस, गिऱ्हाईक बघेल."

सुतार उठला. आवाज बंद झाला. त्यानं वायरमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पाणी आणायला निघून गेला.

वायरमनच्या हिशेबी बायकोचं आजारपण तीन आठवड्यांचं होतं. डॉक्टरांनी "फार उशीर झाला" म्हटलं, तेव्हा तो दवाखान्यातच, सगळ्यांदेखत तिच्यावर कडाडला होता. "तोंड नव्हतं तुला? आधी सांगता येत नव्हतं?" ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली होती, "चुकलंच माझं." त्या वेळी लेक खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

तो सरळ प्रदर्शनवाल्या बाईकडे गेला. "मॅडम, तिसऱ्या बाकावरची बाई माझी बायको आहे. वारली ती."

बाई खुर्चीवरून उठली, परत बसली. "काका, मला खरंच कल्पना नव्हती. बाग सगळ्यांची असते. बागेची परवानगी मी घेतली होती."

"आणि माणसांची?"

"माणसं कोण, ते मला ठाऊक नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर आत्ता काढते. पण मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, ते सगळे तिथे थांबले. या सगळ्यातलं तेच सगळ्यात खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच काढा."

तिनं वाद घातला नाही. तो निघाला तेव्हा तिनं एक पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. म्हणाली, त्यांच्या आवाजाचे सगळे मिळून अकरा दिवसांचे तुकडे आहेत, चाळीसेक मिनिटांचे. बाक मुका झाला. प्रदर्शनभर लोक दमले की त्यावर टेकत होते, असं सुतारानं नंतर सांगितलं.

लेक घरी आली तेव्हा तो दिवा न लावता बसला होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिनं पिशवी खाली ठेवली. काय, असं तिनं विचारलं नाही. "आईनं शपथ घातली होती."

"ती गेल्यावर कसली शपथ? तीन वर्षं एका छताखाली राहतोय आपण."

"सांगून काय झालं असतं, बाबा? तुम्ही आधी ओरडला असतात…" ती मधेच थांबली.

पुढचं त्याला पाठ होतं. तो ओरडला नाही. पण गप्पही बसवेना आणि बोलताही येईना, म्हणून तो उठून बाहेर गेला आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आला.

पेनड्राइव्ह लेकीच्या कॉम्प्युटरवर लावायचा त्यानं विचार केला, पण ती म्हणाली, "माझ्यासमोर नको." म्हणून शनिवारी तो झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदारानं कानाला हेडफोन लावून दिला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. आजूबाजूला लोक फोटो काढून घेत होते, अर्ज भरत होते. तो भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटं बसला. दोनदा कुणीतरी "काका, जरा सरका" म्हणालं, तेव्हा तो सरकला.

लेकीनं स्वतःहून काही विचारलं नाही. चार दिवसांनी भाजी निवडता निवडता मात्र मान वर न करता म्हणाली, "आणखी काय काय बोलली?"

"तुझ्याशीच बोलत होती सगळं. तुझ्या लग्नाचं. माझ्या बीपीच्या गोळ्यांचं. त्या कुठे ठेवल्यात, तू लक्ष कसं ठेवायचं." सांगावं की न सांगावं, त्याचं ठरेना. "एक दिवस नुसतीच बसली होती. कुणाशी बोलली नाही. दोनतीनदा नंबर दाबल्याचा आवाज येतो. मग नुसता श्वास. बराच वेळ."

लेकीचे हात थांबले.

"त्या दिवशी मी फोन बंद ठेवला होता," ती म्हणाली. "मुद्दाम. मला रोज रोज ऐकवत नव्हतं."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. तिनं मान बाजूला घेतली, भाजीची परात उचलली आणि पडद्यापलीकडे गेली.