डॉक्टरांचा उजेड

डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत, यूपीएसचे. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली तो जड काळा डबा असतो ना, वीज गेली की चाललेलं काम जपून ठेवण्यापुरता काही मिनिटं जीव धरणारा, त्याचे. आजारी डबा समोर आला की डॉक्टर झाकण काढायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या ट्रान्सफॉर्मरवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग निदान सांगायचे. "ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्यात, संध्याकाळी या." नाहीतर, "हा गेला, उगाच खर्च करू नका." बाजारात त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही त्याची खंत नव्हती.

दुकान बंद केलं तेव्हा घरी म्हणाले, "आता दुरुस्ती हवीय कुणाला? बिघडलं की फेका आणि नवं आणा, जमानाच तसला." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की शेवटी शेवटी गिऱ्हाइकं डबे परत आणायला लागली होती. "अहो, बारीक आवाज येतोय अजून," म्हणायची. डॉक्टर ऐकायचे तर आवाजच नाही! मग त्यांचं डोकं फिरायचं. "आवाज डब्यात नाही, तुमच्या कानात आहे," असं तोंडावर सांगायचे. असं बोलल्यावर गिऱ्हाईक टिकतं होय?

सुनेने एकदा हळूच सुचवलं होतं, "बाबा, एकदा कान तपासून घ्यायचे का?"

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?" डॉक्टर असे कडाडले की नात अभ्यास सोडून बघायला आली. "ह्या कानांवर घर चाललंय इतकी वर्षं!"

विषय तिथेच मिटला. त्यानंतर जे ऐकू येत नसे त्याला ते मान डोलवायचे. मान डोलवून माणसाचं पुष्कळ निभतं, खोटं वाटत असेल तर करून बघा.

दुकान मिटल्यावर मात्र ते मिटूनच गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे, ताटात काय आहे ते न बघता जेवायचे. असून नसल्यासारखे. मुलगा छापखान्यात कामाला होता. तिथे जुन्या यूपीएसची रास भंगारात निघाली, तेव्हा त्याने दोन डबे उचलून घरी आणले. बाबांना तेवढाच विरंगुळा, याहून जास्त त्याच्या मनात काही नव्हतं.

डॉक्टरांनी डबे बघितले, आणि महिन्यांनंतर पहिल्यांदा स्वतःहून खुर्ची सोडली.

त्या वस्तीत दिवेलागण झाली की वीज जायचीच, जणू तिचीही घरी जायची वेळ व्हायची. डॉक्टरांनी गच्चीवर सोलर पॅनल चढवलं, जिन्याखाली मोठ्या बॅटऱ्या मांडल्या आणि यूपीएसची आतली छोटी बॅटरी काढून तारा त्यांना जोडल्या. दिवसभर ऊन बॅटऱ्यांत भरायचं, संध्याकाळी यूपीएसने त्यावर दिवे आणि पंखा चालवायचे. वाचायला सोपं आहे. पण या डब्याला घटकाभर पळायची सवय असते. तासन् तास चालायला लावलं की तापून जीव टाकतो. डॉक्टरांनी झाकणाला भोकं पाडली, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आत बसवला, जाड तारा घातल्या.

"बाबा, काय उजेड पाडताय?" मुलाने जाता जाता चिडवलं.

"खराखुरा," डॉक्टर म्हणाले.

आणि पाडला. वीज गेली, वस्ती काळोखात बुडाली, आणि ह्यांच्या बैठकीच्या खोलीतला दिवा जळत राहिला. डॉक्टर हसले. दात दिसतील असे हसले. डब्यावर हात ठेवून म्हणाले, "मांजरासारखा गुरगुरतोय फक्त, बघा. एरवी वीज गेली की हे डबे टीं टीं करून डोकं उठवतात, त्यांच्या लेखी संकट आलेलं असतं ना! पण ह्याचा बझर मेलेला दिसतोय. चला, एक काम वाचलं."

मुलगा सुनेकडे बघत राहिला, सून मुलाकडे. कौतुकाने बघतायत, असं डॉक्टरांना वाटलं.

आता त्यांना एकच हवं होतं. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी त्या दिव्याखाली बसावं. बस्स. बोलावं, भांडावं, काय हवं ते करावं, पण तिथे करावं. आणि नेमकं तेच होत नव्हतं. वीज गेली की दोन-चार मिनिटांत मुलगा उठायचा, "जरा वारा खाऊन येतो." सून भाजी निवडायला परात घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायची. नातही पुस्तक उचलायची. डॉक्टर एकटे लखलखत्या खोलीत, आणि बाकी घर बाहेर काळोखात! एकदा ते बघायला गेले, तर नात पायरीवर बसून टॉर्चच्या उजेडात गणितं सोडवत होती.

"अगं, आत एवढा दिवा आहे आणि इथे डोळे फोडतेस?"

"इथे लक्ष लागतं, आजोबा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलवली. हे शब्द त्यांना चांगले ऐकू आले होते, आणि चांगलेच लागलेही होते. माझ्याजवळ बसायचा कंटाळा येतो सगळ्यांना, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या मनात एकदा असं शिरलं की ते तिथेच घर करतं.

एवढ्यात शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर, मलाही द्या ना तसला एक करून. अंधारात सुईत दोरा जात नाही." दुसरा डबा पडलेलाच होता. दुपारी डॉक्टरांनी तो जिन्याखाली उघडला, तारा जोडून बॅटरीवर चालवला. ट्रान्सफॉर्मर घुमला. बझर गप्प.

ह्याचाही मेला? डॉक्टरांनी भुवई उचलली. दोन डबे, दोन्हींचे बझर मेलेले? यूपीएसचं बाकी सगळं मरतं, पण बोंबलणारा तेवढा शेवटपर्यंत जिवंत असतो, हे त्यांनीच लोकांना सांगितलेलं. त्यांनी डब्याचं बटण बंद केलं, बझर उपसून काढला आणि एका छोट्या सेलला लावला. काही नाही. सुट्या सामानाच्या डबीतून दुसरा बझर काढला, कोरा, कधी न वापरलेला. काही नाही. तिसरा. तोही गप्प.

डॉक्टरांनी त्या तिन्ही काळ्या चकत्या ओळीने मांडल्या. मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. टोक पहिल्या बझरवर टेकवलं, मूठ दातांत धरली, आणि सेल जोडला.

दातांत मुंग्या आल्या. सेल काढला, थांबल्या. जोडला, पुन्हा आल्या.

दुसरा बझर, मुंग्या. तिसरा, मुंग्या. सगळे ठणठणीत होते. बझर एकही मेला नव्हता, त्यांच्याच कानांतून बारीक आवाज तेवढा गेला होता.

मग एकेक गोष्ट आपसूक जागेवर बसत गेली. परत येणारे डबे. मुलगा आणि सून, एकमेकांकडे बघणारे. वारा खायला जाणं, भाजीची परात, पायरीवरचा टॉर्च. डॉक्टरांना लाजही वाटली आणि रागही आला, आणि दोन्हींत जास्त काय, ते त्यांना कळेना.

संध्याकाळी वीज गेली. दिवा चालू राहिला. डॉक्टर खोलीच्या मधोमध उभे राहिले. मुलगा उठायच्या बेतात होता.

"बस खाली," ते म्हणाले. "हा डबा ओरडतो?"

मुलाने पुन्हा सुनेकडे बघितलं.

"सूनबाई, मी विचारतोय."

"थोडासा," सून म्हणाली.

"थोडासा नाही!" नात पटकन म्हणाली. "पाचपर्यंत मोजलं की टीं, पाचपर्यंत मोजलं की टीं. मी आत बसले की बेरजेत तोच पाच येतो."

"पहिल्या दिवसापासून?"

मुलाने होकाराची मान हलवली.

"आणि मला सांगितलं नाही! कुक्कुलं बाळ आहे मी? शेजारच्या बाईंच्या घरी हेच भूत बसवून आलो असतो, त्यांनी सगळ्या वस्तीत माझी शोभा केली असती!" डॉक्टरांचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "मी म्हणत होतो, माझा कंटाळा येतो तुम्हाला."

"काय बोलताय, बाबा!" मुलाचा चेहरा पडला. "तुम्ही त्या दिवशी हसलात. किती महिन्यांनी हसलात, आठवतंय? आणि वर म्हणालात, बझर मेलाय, बरं झालं. त्यानंतर कुणाची जीभ रेटणार होती? टीं टीं काय, सवय होईल म्हटलं."

"झाली?"

"नाही," सून म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग डोळेही भरून आले. "कुणाला होईल ती सवय?"

डॉक्टरांनी पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणि कटर काढलं. चालू डब्यात हात घालू नये, हे त्यांनीच सगळ्यांना बजावलेलं, म्हणून त्यांनी बटण दाबलं. खोली काळोखी झाली. नातीने टॉर्च लावून डब्यावर धरला. मुलाने झाकण उचललं, सुनेने सुटलेले स्क्रू वाटीत घेतले. डॉक्टरांनी बोटांनी चाचपत ती चकती शोधली, तिचे दोन्ही पाय कटरने तोडले आणि ती खिशात टाकली. झाकण बसलं. बटण दाबलं. दिवा लागला.

त्यांच्यासाठी काही म्हणजे काही बदललं नव्हतं. तीच मांजरासारखी गुरगुर, तोच पंखा. चाळीस वर्षं डब्यांची दुरुस्ती झाली की नाही हे डॉक्टरांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं. आता त्यांना कुणाला तरी विचारणं भाग होतं.

"थांबला का?"

सून स्क्रूची रिकामी वाटी फडताळात ठेवत होती. पाठमोरी राहूनच तिने काहीतरी उत्तर दिलं. डॉक्टरांची मान सवयीने डोलू लागली. अर्ध्यात त्यांनी ती थांबवली.

"ऐकू नाही आलं, सूनबाई," ते म्हणाले. "इकडे तोंड करून परत सांग."

ती वळली, दिव्याखाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "थांबला, बाबा."

नातीने टॉर्च बंद केला आणि पुस्तक उघडून तिथेच फतकल मारली.