बावीस वाकडी लाकडं

सोमाजी दहिवलेचा मुलगा गुलाब चौदा वर्षं नौदलात अधिकारी होता, आणि तो तिथं नेमकं काय करतो हे सोमाजीला चौदा वर्षांत एकदाही धड सांगता आलं नव्हतं. सैन्य म्हटलं की बंदूक आणि नौदल म्हटलं की तोफ, एवढं गावाला कळत होतं. पण गुलाब पहिल्या सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "बाबा, मी पुरवठा शाखेत आहो. जहाजाले जे जे लागते ते वेळेवर पोचवतो. बटाटे, बूट, दोर, इंजिनाचे नट-बोल्ट, सारं." बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. सोमाजीने त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि कोणीतरी पटकन म्हणालं, "म्हणजे किराणा दुकानच झालं ना, भाऊ!" सगळे हसले. सोमाजीही हसला. पण गडी त्या दिवशी नीट जेवला नाही.

पुढे गुलाब कोचीला गेला, विशाखापट्टणमला गेला, मुंबईला आला. त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या वाढत गेल्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सोमाजीने त्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो लावला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने काही विचारायच्या आत तो चहाचं पाणी ठेवायला उठू लागला. बायको रुखमाबाई म्हणायची, "पोरगा साहेब झाला अन् तुम्ही काऊन तोंड लपवता?" तोंड लपवण्याचं कारण सोमाजीला कुठं ठाऊक होतं? अभिमान तर पोटभर होता. फक्त कशाचा अभिमान, तेवढं कळत नव्हतं.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत गुलाबचं पत्र आलं. यंदा त्याच्या बढतीची पाळी होती. त्याआधी नौदलासाठी सागवान निवडायला तो येणार होता, आणि येणार होता तो नागभीडकडच्या त्याच डेपोत, जिथं सोमाजीने एकतीस वर्षं लाकूड वाहिलं होतं.

पत्र वाचून होताच सोमाजीला एकदम हलकं वाटलं. अखेर पोराचं काम त्याच्या आवाक्यात आलं होतं! समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण सागवान त्याच्या खांद्याने ओळखलं असतं. तो त्याच दिवशी डेपोत जाऊन सांगून आला. भरणी करणाऱ्या टोळीचा जमादार वारलू त्याचाच शिष्य. आणि लालसू तर जुना जोडीदार. लालसू गोंड होता, साठीला टेकलेला. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर ठोका मारायचा, कान लावायचा आणि सांगायचा, आतून पोकळ आहे की भरीव. साहेबलोकही त्याच्या कानापुढे बोलत नसत.

"गुलाबले पहिल्या नंबरचा माल देऊ, सोमाजीभाऊ," वारलू म्हणाला. "घरच्या पोराले कमी पडू देऊ का आम्ही?"

तसा तिथं रिवाजच होता. टोळीतल्या कुणाच्या घरचं लग्न असो की घर बांधणं असो, त्याच्या गाडीवर चढवायचं लाकूड टोळी डोळ्यांत तेल घालून भरायची. किडकं, वाकडं, फाटकं घरच्या माणसाच्या गाडीत गेलं तर ती टोळीची नामुष्की.

ठरल्या दिवशी जीप आली. गुलाब उतरला, सगळ्यांना जय भीम केला, लालसूच्या पाया पडला. इथवर सगळं छान. मग त्याने जीपमधून प्लायवूडचे फर्मे, म्हणजे आकार जुळवायचे साचे, काढले. कुठला कोयत्यासारखा वळलेला, कुठला कोपरातून मुडपलेल्या हातासारखा. ते काखेत घेऊन तो पहिल्या नंबरच्या थप्पीकडे गेला आणि, सोमाजीच्या डोळ्यांदेखत, तिच्यावरून पुढे निघून गेला. सरळसोट, गोल, गुळगुळीत बुंधे तिथं रांगेत पडले होते. पोराने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट मागच्या कुंपणाशी गेला, जिथं जळाऊ लाकडाचा ढीग होता.

दिवसभर तो त्या ढिगात फिरला. एकेका वाकड्या खोडावर फर्मा लावायचा, मान वाकडी करून पाहायचा, फर्मा बदलायचा. जे पसंत पडेल त्यावर हमालाकडून पांढऱ्या रंगाने नंबर घालून घ्यायचा. संध्याकाळपर्यंत बावीस झाली. बावीसच्या बावीस अशी, की आचाऱ्यानेही चुलीत घालताना शिव्या द्याव्यात. हमाल एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. एक जण हळूच म्हणाला, "समुद्रात सरपण भेटत नसंन, भाऊ." वारलूने त्याला डोळे वटारले, पण हसू त्याच्याही ओठांवर होतं.

सोमाजीला वाटलं, आपण इथं आलोच नसतो तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. गुलाब एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्या हाताने कागद चाळत होता. वाहतुकीचा पास काढायला सकाळी त्याला चंद्रपूरला जायचं होतं.

"बेटा, त्या थप्पीत एवढा चांगला माल होता. तू वाकडाच काऊन घेतला?"

"कामाचं आहे, बाबा."

"कोण्या कामाचं?"

"राहू द्या ना," गुलाब कागदातून मान वर न करता म्हणाला. "तुम्हाले नाई समजणार ते."

रुखमाबाईने चटकन सोमाजीकडे पाहिलं. सोमाजी ताटावरून उठला.

त्याला राग आला होता, आणि का येऊ नये? त्याने ज्या खांद्यावर लाकूड वाहून हे पोर शिकवलं, त्या खांद्याला लाकडातलं समजत नाही म्हणे! पण रागाच्या मागोमाग भीती आली, आणि तिने त्याला झोपू दिलं नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? एक तर पोराला लाकडातलं ओ की ठो कळत नसावं. बटाटे आणि बूट मोजणाऱ्याला कळणार तरी कसं? नाही तर, आणि हे मनात यायला नको होतं, कुणीतरी पोराचा हात ओला केला असावा. सरळ मालाच्या भावात वाकडा माल सरकारच्या गळ्यात मारायचे धंदे सोमाजीने एकतीस वर्षांत पाहिले होते. मूर्ख की लाचखोर? दोन्हींतलं कुठलं खरं असलं तर बरं, हेही त्याला ठरवता येईना. एवढं मात्र दिसत होतं, की ती बावीस लाकडं मुंबईला पोचली की बढती गेली. कदाचित नोकरीही.

सकाळी गुलाबची जीप चंद्रपूरच्या वाटेला लागली आणि सोमाजी डेपोच्या.

ट्रकमध्ये वाकड्याऐवजी सरळ माल चढवता येईल का, हे वारलूने ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "होते, भाऊ. कागदावर फक्त 'सागवान, बावीस नग' आहे. मापं तर ट्रक भरतानाच लिहितो बाबू. नंबर तासून दुसऱ्यावर घातला की झालं."

"पोराच्या अब्रूचा सवाल आहे, वारलू."

"तुमची अब्रू ते आमची नाई का?"

लालसू मात्र ढिगाकडे गेला. त्याने एका वाकड्या खोडावर ठोका मारला, कान लावला आणि म्हणाला, "हे भरीव आहे, सोमाजीभाऊ. सारेच भरीव आहेत. त्यानं एकही पोकळ नाई निवडला." सोमाजीने ते ऐकलं. पण घाईतल्या माणसाला कान असून काय उपयोग?

टोळीने त्या दिवशी जीव ओतला. वाकड्या लाकडांवरचे नंबर तासले, पहिल्या नंबरच्या बावीस बुंध्यांवर तेच नंबर घातले. बाबूने मापं लिहिली आणि एवढा सुंदर ट्रक बऱ्याच दिवसांत भरला नसल्याचं बोलून दाखवलं. वाकडी लाकडं परत कुंपणाशी गेली. तिथं दुपारपासून फोडणी सुरूच होती, सरपण दुसऱ्या दिवशी वीटभट्टीला जायचं होतं.

चारच्या सुमाराला जीप आली. सोमाजी फाटकाशीच उभा होता. छाती पुढे आली होती, आणि आता पोराला हळूच बाजूला घेऊन सांगायचं, की घाबरू नको, तुझ्या बापाने निस्तरलं आहे, हे वाक्य तोंडात तयार होतं.

गुलाबने ट्रककडे पाहिलं. आधी त्याला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा ट्रक. मग त्याला नंबर दिसले. तो ट्रकभोवती एक चक्कर मारून आला.

"माझी लाकडं कुठी आहेत?"

कुंपणाकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. गुलाबने तिकडे मान वळवली आणि पळत सुटला. लेफ्टनंट कमांडर साहेब, हातातले कागद उडताहेत, आणि पळताहेत. त्याच्या मागे सोमाजी, सोमाजीच्या मागे अख्खी टोळी.

बावीसमधली आठ फुटली होती. गुलाब त्या ढलप्यांपाशी खाली बसला.

"मी करायले लावलं," सोमाजी म्हणाला. "तुले फसवलं असं वाटलं, बेटा. बढतीचं साल आहे म्हणून..."

सोमाजीला वाटलं, आता गुलाब ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने एक ढलपी उचलली आणि मातीत एक वळण काढलं.

"बाबा, ही होडीची बरगडी," तो म्हणाला. "नौदलाच्या जुन्या लाकडी होड्या आहेत, माणसं वाचवाले कामी येतात. त्यायच्या बरगड्या अशा वाकड्या असतात. सरळ लाकडातून वाकडी कापली तर आतली रेषा, म्हणजे लाकडाचा धागा, आडवी तुटते. लाट लागली की मोडते. झाडच वाकडं वाढलं असंन तर त्याची रेषाही वळणानंच जाते. ते नाई मोडत."

टोळी खाली वाकून बघत होती. लालसू मान हलवत होता, जणू त्याला हे आधीच कुठूनतरी ठाऊक होतं.

"दोन महिने पाच डेपो फिरलो मी," गुलाब म्हणाला. "कुठीच नाई भेटलं. साहेब म्हणे सोडून दे, बाहेरून मागवू. मीच अडून बसलो. म्हटलं, माझ्या जिल्ह्यात भेटते. पावसाळ्याच्या आत बावीस आणून देतो, असं लिहून दिलं."

तर पोरगा मूर्खही नव्हता आणि लाचखोरही नव्हता. काय होता ते आत्ता, आठ लाकडं फुटल्यावर, कळत होतं. भलं करायला गेलो आणि पोराच्या मुळावर आलो, असं सोमाजीला झालं, आणि चारचौघांत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

वारलूने न सांगताच टोळी कामाला लावली. ट्रक रिकामा झाला. बाबूने कपाळाला हात लावत मापं खोडली. उरलेल्या चौदांवर पुन्हा नंबर पडले.

"मुंबईले तार करावी लागंन," गुलाब म्हणाला. "आठ कमी का, त्याचं कारण द्या लागते."

"माझं नाव लिही," सोमाजी म्हणाला. "सोमाजी दहिवले, हमाल. मी येतो तुह्या संगं."

तारघरात गुलाबने इंग्रजीत भराभर लिहिलं आणि बाहेर जीपपाशी जाऊन उभा राहिला. सोमाजी खिडकीशीच थांबला. तारबाबू शब्द मोजत होता.

"बाबू, त्यात माझं नाव आहे ना?"

बाबूने पुन्हा वाचलं. "नाही, भाऊ. लिहिलं आहे, आठ नग भरणीत खराब झाले. चूक माझी. काम करणाऱ्यांना काम समजावून सांगितलं नाही. खाली त्यांची सही."

"अन् टोळीचं?"

"कुणाचंच नाही."

सोमाजी बाहेर आला. चूक तर त्याची होती. नंबर तासायला त्याने सांगितलं, मग पोराने ती स्वतःच्या नावावर का घेतली? बापाला वाचवायला खोटं लिहिलं, की त्याला खरंच तसं वाटत होतं? आणि असं लिहिल्यावर बढती कोण देणार? त्याला काही म्हणजे काही उमगेना.

"असं काऊन लिहिलं बे?" त्याने विचारलं. "आता तुही बढती?"

"माहीत नाई, बाबा," गुलाब म्हणाला. "मले एक सांगा. सागाचं झाड वाकडं कुठी वाढते?"

एकतीस वर्षांत सोमाजीला लोकांनी हे उचल, ते ठेव, असं सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

"नाल्याच्या धसलेल्या काठावर," तो म्हणाला. "माती सरकली की झाड आडवं होते, अन् उजेडासाठी वर वळते. तोडणीवाले तोडतात अन् तिथीच टाकून येतात. डेपोत आणत नाईत, कोणी घेत नाई म्हणून."

"पडली असतील आता?"

"लालसूले जागा माहीत आहे. मलेही एक-दोन माहीत आहेत."

"मग फॉरेस्टवाल्या साहेबाकडून उद्या परवानगी काढतो," गुलाब म्हणाला आणि त्याने जीपचं पुढचं दार बापासाठी उघडलं. "पण निवडाले तुम्ही पाहिजे."