रंगाचे नऊ हात

गाडीच्या खाली बारा भोकं होती. डाव्या तुळईत सहा, उजव्या तुळईत सहा, प्रत्येक करंगळी जाईल एवढं. या दोन पोकळ पोलादी तुळयांवरच अख्खी गाडी उभी असते. गाडीबरोबर आलेल्या जुन्या पुस्तकातल्या आकृतीतही बाराच भोकं होती. आकृतीतली उघडी होती. आमची बाराच्या बारा पुट्टीने बुजवलेली, वरून काळा रंग मारून गुळगुळीत केलेली.

"हे कुणी केलं?" मी गाडीखालूनच विचारलं.

"मी!" मामा म्हणाला. "नऊ वर्षं सांभाळलीय तुझ्या आईची गाडी. दरवर्षी रंगाचा एक हात. खालून पाण्याचा थेंब आत जाईल तर शपथ."

"मामा, ती पाणी आत जायची भोकं नव्हती. बाहेर यायची होती."

"काहीतरीच! आत गेलंच नाही तर बाहेर काय येईल?"

मी स्क्रूड्रायव्हर खुपसला. पुट्टीचा गोळा निघाला आणि त्यामागून चहाच्या रंगाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. वरून, दारांच्या सांध्यांतून झिरपलेलं. मामाने हयगय केली असती तर निदान चार-पाच भोकं तरी उघडी राहिली असती.

वेल्डर उकिडवा बसून बघत होता. "गाडी कुठली, हौद सांभाळलात तुम्ही."

"तुला कुणी विचारलं?" मामा कडाडला.

"मी विचारलंय," आई म्हणाली. सतरा वर्षं ती याच गाडीने शाळेत शिकवायला गेली होती. नव्या घराला गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी मामाच्या शेडमध्ये आली. पुढच्या महिन्यात आई निवृत्त होणार होती आणि तिने स्वतःसाठी मागितलेली गोष्ट एकच होती, ही गाडी पुन्हा चालवणं. "बोला हो. होईल का नीट?"

"मधला कुजका भाग कापून नवा घालू. पण जोड धरायला चारही टोकांना पत्रा एक मिलिमीटर तरी हवा. त्याहून पातळ असला तर आच लागली की भोकच पडतं. एक जरी टोक गेलेलं निघालं तर भंगारवाल्याला बोलवा, मला नको."

मी प्रयोगशाळेतून जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. रंग खरवडायला लागले तसा मामा पुढे आला.

"अगं, रंगावरूनच मोज की! कशाला वाट लावतेस?"

"रंगासकट आकडा फुगतो. तुझे नऊ हात मोजायचे नाहीयेत मला."

डावं पुढचं टोक १.६. डावं मागचं १.४. उजवं पुढचं १.५. उजव्या मागच्या टोकावर रंग इतका जाड होता की खरवडायची पाती सटकत होती.

"तिथे दोनदा मारलाय," मामा म्हणाला. "तिथे गंज दिसला होता."

"दिसला होता?" आईचा आवाज चिरकला. "मग सांगितलं का नाहीस, दादा? मी काय म्हटलं होतं तुला? महिन्यातून एकदा चालू कर, बाकी काही करू नकोस!"

"कुणी आपली गाडी ठेवायला दिली तर माणूस नुसता बसून राहतो का?"

"हो! बसून राहतो! एवढंही जमलं नाही तुला!"

"माझे रविवार गेले यात. सगळे!"

"मागितले होते मी?"

मामा शेडचं दार आपटून गेला. दाराचा पत्रा बराच वेळ थरथरत होता. आईने माझ्या हातातली पाती ओढून घेतली, साडी खोचली, गाडीखाली शिरली आणि दात आवळून खरवडायला लागली. रंगाचे काळे पापुद्रे तिच्या केसांत पडत होते. अर्ध्या तासाने तळहाताएवढा उघडा पत्रा दिसला.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजणीसाठीचं जेल पत्र्याला लावलं, यंत्राचं टोक टेकवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. मग जागा पुसून पुन्हा मोजलं, आणि पुन्हा एकदा.

१.१. १.०. १.१.